काळी एक, मध्य लय

काम अगदी साधं होतं. एक वही आणायची होती. बंद खोलीचं कुलूप काढायचं, फळीवरची वही घ्यायची आणि खाली उतरायचं. चिंधू मला नंतर म्हणाला, "दाजी, वही घेऊन निघालो असतो तर हातातली बिडीबी संपली नसती."

बसा रे. कंटेनर माणकोलीला अडकलाय म्हणतात, म्हणजे तासभर काही गाडी लागत नाही. दिनेश, गोडाऊनचं शटर अर्धं ओढ, मच्छर येतायत. आणि मितेश, तो मोबाईल खिशात घाल. नाहीतर मी गप्प बसतो, तुम्ही आपले बघत बसा रील.

हे ऐकीव नाही. चिंधू भोईर माझा सख्खा साडू. मी आधी त्याच्याकडून ऐकलं, मग त्याच्या पोरीला वेगळं बसवून विचारलं. दोघांच्या सांगण्यात एका अक्षराचा फरक निघाला नाही. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. खोटं बोलणारा माणूस मला तोंड उघडायच्या आधी कळतो.

चिंधू कामतघरला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. चोवीस लूमचा गाळा, बारा तासांची शिफ्ट. आणि भजनात तबला वाजवायचा. हात गोड होता हो त्याचा. पण एक खोड होती. लय धरवायची नाही. सुरुवात संथ करायचा, आणि बघता बघता पळायला लागायचा. त्यात त्याचा तरी काय दोष? लूमच्या आवाजात जन्मला, लूमच्या आवाजात वाढला. कामतघरच्या निम्म्या तबलजींचं असंच आहे. कितीही हळू धरलं तरी हात शेवटी लूमच्या चालीवर जाऊन पोचतो. आम्ही त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, झाली चिंधूची मोटर चालू!

त्याच गाळ्याच्या वर, माळ्यावरच्या खोलीत केसरीनाथ बुवा राहायचे. एकटा जीव. शास्त्रीय गाणारे. मोठे विद्वान, पण स्वभाव म्हणाल तर... विंचू बरा. खाली चोवीस लूम आणि वर हा माणूस तानपुरा घेऊन बसलेला. मालकानं बापजाद्यांच्या वेळच्या भाड्यावर ठेवलेला, म्हणून दुसरीकडे जाताही येत नव्हतं. लूमचा राग राग करायचे. आवाज असह्य झाला की हातातली काठी जमिनीवर आपटायचे, खाली पत्र्यातून ऐकू जायची. खालचे लोक हसायचे.

चिंधूची पोरगी नेत्रा, ती त्यांच्याकडे शिकायला. नऊ वर्षं शिकली. एक पैसा घेतला नाही बुवांनी. शिव्या भरपूर दिल्या, पण विद्याही तशीच भरभरून दिली. तिचा गळा म्हणजे चिंधूच्या घरातलं एकमेव सोनं. बायको गेल्यावर तो माणूस त्या गळ्यावरच जगत होता, खरं सांगतो.

मग वाकडं कुठे आलं? गणपतीत. मंडळाच्या कार्यक्रमात नेत्रा गाणार होती, तबलजी आलाच नाही. चिंधू बसला साथीला. आणि झालं नेहमीचंच. पोरगी मध्य लयीत गातेय आणि हा लागला पळायला. ती बिचारी बापामागे धावतेय. बुवा पहिल्या रांगेत होते. ते गाणं चालू असताना उठले. सगळ्यांसमोर म्हणाले, "लूमवाल्या, हात आहे की मोटरचा पट्टा?" आणि निघून गेले. त्या दिवसापासून नेत्राला दार बंद. ती आठवडाभर जिन्यात बसून रडली, तरी उघडलं नाही.

हे चिंधूच्या डोक्यात बसलं. माझ्या पोरीला जिन्यात बसवलं!

पुढे महिनाभरातच बुवा गेले. खोलीत एकटेच. दोन दिवसांनी कळलं. कसे गेले, काय झालं, ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. एका माणसाला थोडं माहीत होतं. पण तो बोलला नाही. ते पुढे सांगतो.

आता वही. पुण्याच्या एका संगीत संस्थेसाठी नेत्राची निवडचाचणी होती, कल्याणला, रविवारी. निवड झाली तर पुण्याला दोन वर्षं राहून शिकायचं, खाणंपिणं, सगळा खर्च संस्थेचा. अट एकच. आपल्या गुरूनं स्वतः बांधलेली एक बंदिश गायची. बुवांनी उभ्या जन्मात एकच बंदिश बांधली होती. मारव्यातली. छोटीशी, पाच मिनिटांत संपेल अशी. ती त्यांनी नेत्राला अर्धी सांगितली आणि मग ते गणपतीचं प्रकरण झालं. उरलेली वहीत. वही खोलीत. आणि मालक सोमवारी खोली रिकामी करणार, वर सूत ठेवायला जागा हवी म्हणून.

तारीख सांगतो. शुक्रवार, बावीस नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. शुक्रवारी त्या गाळ्यात लूम बंद असतात. मेन स्विच गुरुवारी रात्री चिंधूनंच स्वतःच्या हातानं खाली ओढला होता. वरच्या खोलीचा दिवाही त्याच मीटरवर, म्हणून अंधार. मध्यरात्र वगैरे काही नाही बरं का. संध्याकाळचे पावणेसात. बापलेक मालकाकडून किल्ली घेऊन जिना चढले.

खोलीत धूळ होती. बाकी सगळं जागच्या जागी. कोपऱ्यात बुवांचा तबला, गवसणीत. भिंतीला टेकलेली काठी. फळीवर वही. टॉर्च मारला आणि पहिल्या फटक्यात सापडली. निळ्या पुठ्ठ्याची.

नेत्रानं पान काढलं. वर बुवांच्या अक्षरात लिहिलं होतं:

राग मारवा. तीनताल.
लय – मध्य. वाढवायची नाही.
पट्टी – काळी एक. बदलायची नाही.
भाव – चालते व्हा.

हसू नको मितेश. बंदिशीचा भाव लिहितात लोक. विरह, भक्ती, शृंगार. या माणसानं लिहिलं होतं, चालते व्हा. शब्दही तसेच, 'निकस जा मेरी देहरी से'. उंबऱ्यावरून नीघ. आयुष्यभर जे मनात साठलं ते एका बंदिशीत घातलं होतं त्यानं.

आणि पट्टी म्हणजे काय, ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर, ती त्याची पट्टी. पुरुषांची खाली, काळी एक. बाईमाणसाची वर. नेत्राची काळी पाच. तिनं काळी एकमध्ये गायचं म्हणजे पुरुषाच्या गळ्यानं गायचं.

वही मिळाली होती. निघायचं ना? पण नेत्रा म्हणाली, "बाबा, एकदा म्हणून बघते. उद्या सकाळी सहाला लूम लागतील, घरीबी शेजारी लूम. मला माझाच आवाज ऐकू येणार न्हाय. आज शांत हाय. आणि मारवा दिवेलागणीचाच असतो."

बरोबरच होतं तिचं. लूमवाल्यांच्या पोरांना शांतता आठवड्यातून एकदा मिळते. तिनं दोन्ही कानांना हात लावले, गुरूचं नाव घेतलं. बापाला म्हणाली, तुम्हीबी लावा. चिंधू म्हणाला, "तुझा गुरू, बाय. माझा न्हाय." आणि गवसणी सोडून बुवांचा तबला पुढ्यात ओढला.

त्याला वाटलं, नुसती लय धरतो. तबला लागलेला होता काळी एकमध्ये. पोरगी गाणार काळी पाचमध्ये. दोन्ही पट्ट्या जुळेनात, कानाला खुपत होतं. पण म्हणाला, चालतंय, घरचंच तर आहे.

मोबाईलवर तानपुरा लावला. काळी पाच. टॉर्च छताकडे करून ठेवला.

नेत्रानं सुरुवात केली.

पहिलं आवर्तन छान गेलं. दुसरंही. मारवा तुम्ही ऐकला नसेल. त्यात 'सा'वर येऊन टेकायचंच नसतं. सारखं आजूबाजूला फिरायचं. ऐकणाऱ्यालाही बसवत नाही, उठावंसं वाटतं. चिंधूला वाटलं, खोली आपल्याला सांगतेय. नीघ. पण पोर गातेय, कसा उठणार?

तिसऱ्या आवर्तनाला त्याचा हात सुटला. नेहमीसारखा. थोडासा पुढे.

आणि खाली आवाज झाला.

खट्.

चिंधूनं ओळखला. लूमचा ठोका. कोणी आलं असेल खाली, असं वाटलं. मग परत.

खट्.

मेन स्विच बंद. गाळ्याला कुलूप. त्याचीही किल्ली चिंधूच्याच खिशात.

खट्.

आणि दिनेश, तू लूम पाहिलायस, तूच सांग. लूमला हळू चालता येतं का? एक तर चालतो, नाहीतर बंद. हळू चालणारा लूम कोणी ऐकलाय? हा चालत होता. थांबून थांबून. एक ठोका... मग चार मात्रांनी दुसरा. मध्य लय. एक केसभर इकडे तिकडे नाही.

चिंधूचा हात त्याच्या पुढे गेला होता. त्यानं ओढून मागे आणायला बघितलं. येईना. चाळीस वर्षांची सवय. हात पुढेच.

तेव्हा मोबाईलमधला तानपुरा उतरला. एक पट्टी खाली. कोणी हात लावला नव्हता. नेत्राचा आवाज त्याच्या मागोमाग खाली गेला.

तिनं बापाकडे पाहिलं.

हात पुढे पळाला, की सूर उतरला. पांढरी सहा. काळी चार. पांढरी पाच. नेत्राचा आवाज जाड व्हायला लागला. ती थांबत का नाही? चिंधू म्हणाला, "थांब गो!" ती मान हलवत होती. नाही म्हणत होती. तोंड गातच होतं. दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतात ना... तो नव्हता. तिनं गळा दोन्ही हातांनी धरला होता. आतून सूर निघतच होता.

त्यानं तबल्यावरून हात उचलला.

नेत्राचे डोळे पांढरे झाले. आवाज बंद. श्वासही बंद. तोंड उघडं तसंच.

त्यानं घाईनं परत हात टाकला. ठेका धरला. आवाज परत आला. पण आणखी खाली.

म्हणजे थांबायचंही नाही. आणि पळायचंही नाही. मध्य लय धरायची. आयुष्यात जे कधी जमलं नाही, ते.

काळी तीन. पांढरी चार.

घामानं बोटं घसरत होती. तो मोठ्यानं मोजत होता. एक दोन तीन चार. मोजतानाच लय वाढत होती...

पांढरी तीन. काळी दोन.

वीस वर्षांची पोर. आणि गळ्यातून म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

पांढरी दोन.

काळी एक.

तबल्याच्या पट्टीला आवाज येऊन मिळाला. खोलीभर एकच सूर. त्या क्षणी खालचा लूम थांबला. तानपुराही. चिंधूचा हात आपोआप थांबला, तबल्यावर, मधल्या काळ्या शाईवर पंजा टेकून.

नेत्रा ताठ बसली होती. डोळे बापावर. पण बघणारी ती नव्हती.

तिच्या तोंडून बुवा म्हणाले,

"आता ऐकू येतंय?"

...

मघाशी म्हटलं ना, एका माणसाला थोडं माहीत होतं. तो चिंधूच. बुवा गेले त्या दिवशी चिंधूची दिवसपाळी होती. दुपारी वरून काठीचे ठोके यायला लागले. चोवीस लूमच्या गोंगाटातही यानं ऐकले, याचा लूम बरोबर खोलीखाली. ठोके सावकाश येत होते. एक... मग बऱ्याच वेळानं दुसरा. जोडीदार म्हणाला, "चिंधूभाई, ऊपर से कोई बुला रहा है क्या?" चिंधू म्हणाला, "बुलाता नहीं. बुड्ढा लय सिखाता है मेरे को." दोघं हसले. तासभर येत होते ठोके. मग थांबले.

नंतर कळलं, बुवा जमिनीवर पडले होते. उठता येत नव्हतं. हातात काठी होती.

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मला नाही, पोरीला नाही. त्या खोलीत सांगितलं. म्हणाला, "ऐकलं होतं बुवा. तवाबी ऐकलं होतं. ऐकून गप ऱ्हायलो. तुमी माझ्या पोरीला जिन्यात बसवलं, त्याचा राग धरून गप ऱ्हायलो. तिला यातलं कायबी ठाव न्हाय. तिचा गळा सोडा. तुमीच दिलाय तो, तुमीच मोडू नका. चूक या हाताची हाय... ह्यो घ्या."

 

मग तबला तापला. पंज्याखाली. तव्यावर हात ठेवावा तसा. त्याला वाटलं, उचलावा. उचलला असता. पण समोर पोरीचं उघडं तोंड होतं. नाही उचलला त्यानं. दात आवळून दाबून धरला. किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

नेत्रा पुढे कोसळली. खोकली. आणि म्हणाली, "बाबा." तिच्या आवाजात. काळी पाचमध्ये.

वही तिथेच टाकून दोघं खाली आली. कुलूपसुद्धा लावलं नाही.

रविवारी ती कल्याणला गेली. चौकशी झाली, गुरूची बंदिश कुठाय? ती म्हणाली, माझ्या गुरूंची एकच बंदिश आहे आणि ती माझ्या पट्टीत गाता येत नाही, मी त्यांनी शिकवलेला पहिला साधा यमन गाते. गायली. घेतली त्यांनी तिला. परीक्षकांपैकी एक बाई रडली म्हणे.

इथं संपवलं असतं तर तुम्ही सुखानं झोपला असता. पण खरी गोष्ट अर्ध्यावर सोडायची मला सवय नाही.

सोमवारी मालकानं खोली रिकामी केली. तबला बाहेर काढला तर त्याच्यावर शाई नव्हती. तबल्याच्या मधोमध ते काळं गोल असतं ना, ते. खरवडलेलं नाही, फाटलेलं नाही. नुसतं कोरं कातडं, नव्यासारखं. मालक म्हणाला, उंदरांनी खाल्ली असेल.

ती चिंधूच्या हातावर आहे.

उजव्या तळव्यावर. काळंभोर गोल, तबल्याच्या शाईएवढं. दगडासारखं कडक. डॉक्टरला दाखवलं, त्यानं मलम दिलं. दुखत नाही, खुपत नाही. बाकीचा हात धड आहे.

मी ते पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या घरी. आणि मी मूर्ख. म्हातारा झालो तरी अक्कल नाही. नेत्रा पुण्याहून आली होती, आत चहा टाकत होती, आतूनच माझ्याशी बोलत होती. पुण्यात काय खाते, काय शिकते, चाललं होतं तिचं. मी चिंधूचा हात हातात घेतला आणि सहज, बघावं म्हणून, त्या काळ्यावर टिचकी मारली.

वाजलं.

स्वच्छ. लागलेल्या तबल्यासारखं. पट्टी मला कळत नाही, पण चिंधूच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं.

आत नेत्राचं बोलणं अर्ध्या शब्दावर थांबलं.

मी स्वयंपाकघरात धावलो. पोर ओट्याला धरून उभी होती. ओठ हलत होते. आवाज नव्हता. नऊ दिवस नव्हता. नऊ दिवस ती चिठ्ठ्या लिहून बोलत होती, आणि मला लिहून दिलं, काका, तुमची चूक नाही. त्या चिठ्ठीनं मी आणखीच मेलो. दहाव्या दिवशी आवाज आला.  तेव्हापासून चिंधू तो हात कापसात गुंडाळून वर फडकं बांधतो. झोपतानासुद्धा. लूम सोडला, आता एका गोडाऊनला गेटवर बसतो. दार वाजवायचं तर डाव्या हातानं. तबल्याकडे बघत नाही.

गेल्या दसऱ्याला कल्याणला तिचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. मी आणि चिंधू पुढून दुसऱ्या रांगेत. काय गायली पोर! संपलं तशी सगळी माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. माझ्या मागची एक बाई शेजारणीला म्हणाली, "तो बघा, तिचा बाप. उठलासुद्धा नाही. लेकीसाठी साधी एक टाळी नाही वाजवली."

मी मागे वळून काही बोलणार होतो. चिंधूनं डाव्या हातानं माझा सदरा धरला आणि मला खाली बसवलं. उजवा हात त्यानं काखेत घट्ट दाबून धरला होता.